अर्धमुके टोले

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सेंट अॅन चर्चच्या मनोऱ्यात घंटांचा सराव सुरू होई आणि नऊला संपे. मनोऱ्याच्या पायथ्यापासून ग्रेन्जरांच्या पुढच्या खोलीची खिडकी एकतीस पावलांवर होती. त्या सप्टेंबरात एनिड ग्रेन्जरने हे अंतर दोनदा मोजलं, जणू दुसऱ्या खेपेला ते थोडं जास्त भरेल.

चौतीस वर्षं तिने हे मंगळवार एकटीने काढले होते. नवरा मनोऱ्यात दोर ओढत असायचा आणि ती रेडिओ मोठा करून इस्त्री करायची. घंटा आवडतात का, असं तिला कुणी कधी विचारलं नाही. लिडकम गावात तो विचारण्याचा विषयच नव्हता. सिरिल ग्रेन्जर आधी रेल्वेत सिग्नलमन होता आणि मग घंटा वाजवणाऱ्यांचा कॅप्टन. गाडीचं स्टेशन बंद झाल्यावर नुसता कॅप्टन राहिला. नवऱ्याने दारू प्यावी, घोड्यांवर पैसे लावावेत, त्यापेक्षा घंटा बऱ्या, एवढंच एनिड म्हणायची. रेडिओ मात्र ती मोठाच ठेवायची.

आता सिरिलची खाट पुढच्या खोलीत आली होती. जिना चढणं ऑगस्टमध्येच थांबलं होतं. खाटेचं डोकं खिडकीकडे ठेवावं लागलं, कारण दुसरीकडे फायरप्लेस होती. त्यामुळे जन्मभर मनोऱ्यात उभं राहून जे त्याने गावाला ऐकवलं, ते आता आडवं पडून त्याला ऐकावं लागत होतं.

त्याला काय झालंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. जुलैत इस्पितळात डॉक्टर प्रोसरने एनिडला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, तिथल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं की पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. करण्यासारखं काही उरलेलं नाही. ख्रिसमस बहुधा दिसणार नाही. मग तो म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. बहुतेक बायका सांगत नाहीत."

एनिडनेही सांगितलं नाही. अल्सर होता, काढला, भरून यायला वेळ लागतो, असं ठरलं. सिरिलला मरणाची भीती वाटते, हे एकट्या तिला माहीत होतं. त्याचे वडील त्याच्या डोळ्यांदेखत चार महिने झिजून गेले होते. त्यानंतर लग्नाच्या पहिल्या वर्षी, अंधारात पडल्या पडल्या, त्याने तिला सांगितलं होतं की मला न कळता मरण यावं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पण एनिडच्या दृष्टीने तो शब्द दिलेला होता.

मग तो शब्द पाळण्यासाठी सगळ्या गावाला कामाला लावावं लागलं. पाद्री, नर्स बेरिल, शेजारीण डोरीन हिबर्ट, पोस्टातली बाई, खाटीक. खाटकाला सांगावं लागलं, कारण तो दर शनिवारी सूपाची हाडं घेऊन यायचा आणि तोंडाचा फटकळ होता. सगळ्यांनी खिडकीत उभं राहून "रंग सुधारलाय हो" असं म्हणायचं. मुलगा कॉलिन न्यूकॅसलला जहाजांच्या गोदीत कामाला होता. त्याला तिने फोनवर बजावलं की ख्रिसमसच्या आधी पाऊल टाकायचं नाही. कॉलिन वर्षातून दोनदाच यायचा, ख्रिसमसला आणि जूनच्या एका आठवड्यात. तो ऑक्टोबरात दारात उभा राहिला असता, तर सिरिलला वेगळं काही सांगायची गरजच नव्हती. कॉलिन फोनवर रडला. मग म्हणाला, तू म्हणतेस तसं.

सगळं नीट चाललं होतं. फक्त मंगळवार आवरत नव्हता.

या घंटांवर गाणं वाजवत नाहीत. सहा घंटा एकीमागून एक वाजतात आणि दर फेरीला आपापली जागा बदलतात. दुसरी पहिल्या जागी येते, तिसरी मागे सरकते, आणि कोण कुठे जाणार, हे वाजवणाऱ्याने डोक्यात धरायचं. सगळा खेळ मोजणीचा. एक घंटा निमिषभर मागे पडली, तर जाणकाराला घासात खडा लागल्यासारखं होतं. त्या वर्षी दोन नवशिके होते. तिसऱ्या घंटेवर शाळेची मास्तरीण होती आणि पाचवीवर बेकरीवाला. खडेच खडे.

सिरिल पांघरुणावर बोटं आपटून मोजायचा. तिसरी चुकली की त्याचं अंग ताठ व्हायचं. पहिल्याने एनिडला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. आवाजाचा त्रास होताच. खिडकीची काच दर टोल्याला कुरकुरायची, आणि पोटातली कळ त्या कुरकुरीच्या ठेक्यावर उठायची. पण त्याहून जास्त त्याला चुका छळत होत्या. दीड तास तो सहाही दोर एकटा ओढत असायचा, आणि नंतर बुधवार, गुरुवार त्याच्या पोटात पाणी ठरायचं नाही. तपकिरी बाटलीतलं औषध चार तासांऐवजी तीन तासांनी द्यावं लागायचं.

नर्स बेरिल म्हणाली, एवढं सहन कशाला करता, सराव बंद करायला सांगा की. सोपं होतं ते. सांगायचा अवकाश, मंडळींनी त्याच दिवशी बंद केला असता. पण युद्ध संपल्यापासून सराव तीनदाच बंद राहिला होता. एकदा राजे वारले तेव्हा. एकदा सत्तेचाळीसच्या बर्फात, मनोऱ्याचं दार उघडेना तेव्हा. आणि एकदा याच गल्लीत पर्सी लो शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा. तो हुकूम खुद्द सिरिलने काढला होता. राजे वारले म्हणावं, तर आता गादीवर राणी होती आणि ती ठणठणीत होती. बर्फाला अजून दोन महिने होते. उरलेलं तिसरं कारण सिरिलने एका मिनिटात ओळखलं असतं.

म्हणून एनिड एका शनिवारी मॉरिस टिलीकडे गेली. मॉरिस दुधाचा ट्रक चालवायचा. बाराव्या वर्षी त्याला सिरिलने दोर धरायला शिकवलं होतं आणि आता सिरिलच्या जागी तोच कॅप्टन होता. तो परसात कांद्याच्या पातीला माती लावत होता. तिने सगळं सांगितलं, बंद करता येत नाही तेही सांगितलं. तो फावड्यावर रेलला.

"टोप्या घालू," तो म्हणाला.

घंटेच्या आत जो लोखंडी लोळा असतो, त्याला बांधायच्या चामड्याच्या टोप्या मनोऱ्यातल्या पेटीत होत्या. त्या फक्त लोळ्याच्या एका बाजूला बसतात. मग एक टोला मोकळा पडतो आणि दुसरा मुका, दूरच्या दरीतून परत आल्यासारखा. मोकळा, मुका, मोकळा, मुका. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीच्या रविवारी आणि मनोऱ्यातलं कुणी गेलं तर असं वाजवतात. लिडकममध्ये तो आवाज झोपेतल्या माणसालाही कळतो.

एनिडचा चेहरा पाहून मॉरिसने हात वर केला. "तसं नाही हो, मिसेस ग्रेन्जर. मी काय वेडा आहे का? दोन्ही बाजूंना घालायच्या. मग नुसतं उशीवर गुद्दे मारल्यासारखं ऐकू येईल. तुमच्या खिडकीपर्यंत पोचलं तर पोचलं."

"दोन्ही बाजूंना पुरतील एवढ्या टोप्या आहेत?"

टोप्या सहाच होत्या. दोन्ही बाजू फक्त राजासाठी आणि बिशपसाठी बांधतात, तेव्हा दुसरा संच कोण कशाला ठेवील? दुसऱ्या बाजूला मॉरिस ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बांधणार होता. आवाज बारीक का झाला, हे सिरिलला काय सांगायचं, तेही त्याने तिथेच जुळवून दिलं: मनोऱ्याच्या झडपांमधून कबुतरं शिरत होती, म्हणून आतून फळ्या मारल्या. एनिड घरी जाताना मनात ते वाक्य म्हणत गेली. जुलैपासून तिला अशी पुष्कळ वाक्यं पाठ झाली होती.

२६ ऑक्टोबरच्या मंगळवारी साडेसातला घंटा सुरू झाल्या आणि खिडकीची काच हलली नाही. धप्, धप्, धप्, एवढंच. कुणीतरी लांब गालिचा झोडपत असल्यासारखं.

"हे काय?" सिरिल म्हणाला.

तिने कबुतरं सांगितली. त्याने ऐकून घेतलं. कबुतरांवर त्याचा जुना राग होता, त्यामुळे त्याला ते पटलं. आपल्यालाच वीस वर्षांपूर्वी हे सुचायला हवं होतं, असंही तो म्हणाला. मग बोटं न आपटता पडून राहिला. एनिडने अंड्याचं कस्टर्ड आणलं. त्याने सहा चमचे खाल्ले. तीन आठवड्यांत त्याने एवढं खाल्लं नव्हतं. वाटी धुताना तिला वाटलं, जमलं.

पावणेआठला पहिला मोकळा टोला पडला.

ती सगळ्यात थोरली घंटा होती, पंधरा मणांची. तिचा लोळाही तसाच, त्यामुळे रबराचा तुकडा तिथेच आधी सुटला. धप्, धप्, धप्, धप्, धप्, आणि खणकन. पुढच्या फेरीला पुन्हा धप्. त्याच्या पुढच्या फेरीला खणकन. मग चौथीचा तुकडा गेला. मग पहिलीचा. मॉरिसने ते सुतळीने बांधले होते. चामड्याच्या टोप्यांना बकल असतं, त्या जागच्या जागी राहिल्या. तीन-चार मिनिटांत सहाही घंटा एक फेरी मोकळी आणि एक फेरी मुकी वाजू लागल्या. मनोऱ्यात खाली उभ्या असलेल्यांना मधल्या दोन माळ्यांमुळे फरक लवकर कळला नाही. नवशिक्यांना तर मोजणीपलीकडे काही ऐकूच येत नव्हतं. गावाला मात्र लख्ख ऐकू आलं.

एनिड ओल्या हातांनी खोलीत आली. सिरिल कोपरावर उठून बसला होता. तो कसा उठला, तिला कळेना.

"कोण गेलं?" तो म्हणाला.

तिने या प्रश्नाचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. तोंडाला येईल ते तिने सांगितलं: म्हातारा टेड व्हाउल्स गेला, वरच्या गावचा.

"टेडने कधी दोराला हात लावलाय?"

"तरी मान म्हणून वाजवत असतील."

"मान म्हणून," सिरिल म्हणाला. "अर्धमुकं? टेडसाठी? जो घंटांच्या नावाने बोटं मोडायचा त्या टेडसाठी?" त्याला धाप लागली. तो मनोऱ्यातली माणसं बोटांवर मोजू लागला. मॉरिस, मास्तरीण, बेकरीवाला, दोघे गॅमन भाऊ, पाद्र्याची बहीण. सहा घंटा वाजत होत्या, म्हणजे सहाही जण जिवंत होते. जुन्यांपैकी लो गेला होता, फर्न गेला होता, दोघांसाठी त्यानेच वाजवलं होतं. जुन्यांत आता एकटा तो उरला होता. एवढं मोजून झाल्यावर तो हसला. "मीच गेलो की काय?"

एनिडही हसली. तिला वाटलं, आत्ता हसले तर निभेल.

तेवढ्यात दार वाजलं. पुढची खोली आणि दार यांच्यामध्ये लाकडी भिंत होती, बोटभर जाडीची. दारात डोरीन हिबर्ट होती, काळी हॅट घातलेली, हातात रुमालाने झाकलेली थाळी. एनिडला बोलायला वेळच मिळाला नाही.

"अगं, आत्ताच ऐकलं बाई. धावतच आले. सुटला बिचारा. शेवटी फार हाल नाही ना झाले?"

एनिडने ओठांवर बोट ठेवलं. डोरीनला वाटलं, ती रडू दाबतेय. तिने थाळी तिच्या हातात दिली आणि तिचे खांदे धरले. "रड, मोकळी हो. आता कुणासाठी लपवायचंय? चार महिने तू जे नाटक केलंस ना, ते दुसरीला जमलं नसतं. हॅम आहे, कापून आणलंय, तुला काही बघायला नको."

आतून सिरिलचा आवाज आला. "डोरीन, दार लाव. वारं येतंय."

डोरीनने तिच्या खांद्यांवरचे हात काढले. मग ती दार न लावता निघून गेली, फाटकात हॅट पडली तीही उचलायला थांबली नाही. त्याच सुमारास मनोऱ्यात मॉरिसच्या कानावर काय चाललंय ते पडलं असावं, कारण घंटा एकाएकी थांबल्या. घड्याळात आठ वाजायला पाच मिनिटं होती.

एनिड थाळी हातात घेऊन खोलीत आली. ती कुठे ठेवावी, हे तिला सुचेना.

"रुमाल काढ," सिरिल म्हणाला.

तिने काढला. डुकराच्या खारवलेल्या मांसाचे गुलाबी काप, एकावर एक नीट लावलेले, कडेला पार्सली. लिडकममध्ये मयताच्या घरी हॅम नेतात. लग्नाला नेतात, बारशाला नेतात ते वेगळं, त्यावर कुणी काळी हॅट घालत नाही.

"हॅम शिजायला चार तास लागतात," तो म्हणाला. "मग रात्रभर थंड करायचं, नाहीतर काप पडत नाहीत. घंटा वाजून दहा मिनिटं झाली."

एनिडने रुमाल पुन्हा कापांवर ओढला.

"कधीपासून तयार ठेवलंय तिने?"

"मला माहीत नाही."

"तुला काय माहीत आहे ते सांग."

तिने सांगितलं. जुलैपासून सांगितलं, व्हरांड्यातला बाक, पोट उघडून पुन्हा शिवल्याचं, ख्रिसमसचंही. ती उभ्यानेच सांगत होती आणि थाळी तिच्या हातातच होती. सांगून झाल्यावर तिला थोडं हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज तिला नंतर पुष्कळ दिवस वाटली.

तो ओरडला नाही, रडला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले आणि पांघरुणातले हात त्याने मांडीखाली दाबून धरले. चौतीस वर्षांपूर्वी अंधारात जी भीती तिने नुसती ऐकली होती, ती आता दिव्याखाली तिच्यासमोर बसली होती.

मग त्याने विचारायला सुरुवात केली. सिग्नलच्या केबिनमध्ये गाड्यांची नोंद घ्यावी तशी एकेक.

"बेरिल?"

"तिला डॉक्टरांनी सांगितलं."

"पाद्री?"

"हो."

"मॉरिस. तो तर असणारच. पोस्टातली?"

"हो."

"खाटीक?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"खाटकाला माहीत आहे," सिरिल म्हणाला. "मी मरणार हे हाडं घेऊन येणाऱ्याला माहीत आहे. तो खिडकीत उभा राहून मला सांगत होता, वसंतात मासे धरायला जाऊ."

"तूच म्हणाला होतास," एनिड म्हणाली. "लग्नाच्या वर्षी. न कळता यावं म्हणून."

"मी सत्तावीस वर्षांचा होतो तेव्हा. मला काय अक्कल होती?" त्याने डोळे मिटले. "आणि न कळता यावं म्हणालो होतो. मला एकट्याला सोडून गावाला कळावं, असं नव्हतो म्हणालो."

एनिड थाळी ठेवून खिडकीशी उभी राहिली. बाहेर फाटकापाशी मॉरिस आला होता, टोपी हातात, अंगावर तेलाचे डाग. तिने काचेतून त्याला जा म्हणून खूण केली. तो गेला.

"कॉलिनला फोन लाव," सिरिल म्हणाला.

फोन दाराजवळच्या बोळकांडीत होता. त्याची तार खाटेपर्यंत पुरत होती, कारण ऑगस्टमध्येच तिने ती वाढवून घेतली होती. तिने नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. आपण बाहेर जावं, असं तिला वाटलं, पण ती खाटेशीच उभी राहिली. पलीकडे कॉलिनचा आवाज आला, आधी घाबरलेला, मग वडिलांचाच आवाज ऐकून सुटल्यासारखा. सिरिलने त्याला हवापाणी विचारलं, गोदीचं विचारलं. मग तो म्हणाला, "तुझी आई सांगते, मी मरतोय. तुला माहीत होतं?"

पलीकडून बारीक आवाजात "हो" आलं. खोलीतल्या खोलीत एनिडलाही ते ऐकू आलं.

"बरं," सिरिल म्हणाला. "ये आता."

कॉलिन दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आला. चालू असलेलं जवळचं स्टेशन सात मैलांवर होतं, तिथून कुणाच्या तरी व्हॅनमधून. सिरिलने त्याला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. ते काय बोलायचे, हे एनिडला कळलं नाही. स्वयंपाकघरात नुसती दोन आवाजांची गुणगुण यायची, आणि एकदा बराच वेळ रडणं, पण दोघांपैकी कुणाचं ते ओळखता आलं नाही. मॉरिस दोनदा मागच्या दाराशी आला. सिरिलने त्याला भेटायला नकार दिला. पुढच्या मंगळवारी सराव बंद होता. साडेसातला सिरिल डोळे उघडे ठेवून खिडकीकडे मान करून पडला होता, नऊपर्यंत. रात्री औषध दोन तासांनी द्यावं लागलं.

तो आणखी सोळा दिवस जगला. शेवटचे तीन शुद्धीत नव्हता. उरलेल्या तेरा दिवसांत त्याने एनिडकडे पाणी मागितलं, उशी सरळ करायला सांगितली, पडदा ओढायला सांगितला. ती सांगितल्याबरोबर करायची आणि मग थोडा वेळ तिथेच उभी राहायची, आणखी काही म्हणेल म्हणून. तो कॉलिनला हाक मारायचा.